भिंतीवरून परतलेला चेंडू

जुन्या वाड्याच्या चौकात एकट्याने भिंतीवर चेंडू आपटून खेळणाऱ्या मुलाला एक गोष्ट आपोआप कळते. भिंत ही हट्टी पण प्रामाणिक सोबती असते. जसा चेंडू द्यावा, तसाच ती परत करते. थकत नाही, रुसत नाही, आणि फसवीतही नाही. टेनिसच्या खेळाडूला असे भाग्य नाही. त्याच्या अंगावरून पुढे गेलेला चेंडू मैदानात पडला की तो कायमचा गेला. चेंडू गेला तरी डाव गेला नाही, ही सवलत ज्या खेळाने आपल्या नियमांतच लिहून ठेवली, त्याचे नाव पाडेल. गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत या खेळाने मेक्सिकोतील एका धनिकाच्या अंगणापासून जगभरच्या शहरांपर्यंत मजल मारली. मूळचा तो फावल्या वेळाचा विरंगुळा होता. पुढे त्याचे अटीतटीचे व्यवसायी स्पर्धेत रूपांतर झाले. हे स्थित्यंतर ज्या एका खेळाडूच्या आयुष्यात सर्वाधिक स्पष्टपणे वाचता येते, तो म्हणजे अर्जेंटिनाचा फर्नांदो बेलास्तेगिन. सलग सोळा वर्षे तो जगात पहिल्या क्रमांकावर होता. परंतु त्याची खरी कहाणी त्या सोळा वर्षांत जेवढी आहे, त्याहून अधिक त्यांच्यानंतरच्या सहा-सात वर्षांत आहे.

मेक्सिकोच्या प्रशांत किनाऱ्यावर अकापुल्को हे सुखवस्तूंचे विश्रांतिस्थान आहे. तेथे एन्रिके कोरकुएरा या उद्योगपतीने १९६९ साली आपल्या निवासस्थानी खेळाचे एक छोटे मैदान आखले. टेनिसचे पुरे कोर्ट मावावे एवढी जागा नव्हती. चेंडू वारंवार बाहेर जाऊ नये म्हणून त्याने दोन्ही टोकांना भिंती उभारल्या आणि त्या भिंतींनाच खेळात सामील करून घेतले. ही कल्पना अगदी आकाशातून पडली असे मात्र नव्हे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील स्कार्सडेल येथे १९२८ मध्ये हिवाळ्यात खेळण्यासाठी लाकडी चौथऱ्यावरचे टेनिस सुरू झाले होते, आणि तेथेही सभोवारच्या तारेच्या जाळीवरून परतलेला चेंडू खेळण्याची मुभा होती. कोरकुएराने जाळीच्या जागी भिंत आणली, एवढेच म्हणता येईल. पण खेळांच्या इतिहासात ‘एवढेच’ हा शब्द जपून वापरावा लागतो. कित्येक खेळ अशा एका लहानशा फरकातूनच जन्मास आले आहेत.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी त्याचे स्वरूप थोडक्यात सांगितले पाहिजे. मैदान वीस मीटर लांब व दहा मीटर रुंद, मधोमध जाळे. दोन्ही टोकांना तीन मीटर उंचीची भिंत, तिच्यावर आणखी एक मीटर जाळी. बाजूंना काही भाग भिंतीचा, उरलेला जाळीचा. मुख्यत्वे दोन विरुद्ध दोन असाच हा खेळ खेळतात. हातातल्या रॅकेटला तारा नसतात; ती भरीव आणि भोके पाडलेली असते, आणि हातातून निसटून कोणाला लागू नये म्हणून तिची दोरी मनगटात अडकविणे सक्तीचे आहे. सर्व्हिस चेंडूचा टप्पा घेऊन कमरेखालूनच करावयाची, म्हणजे पहिल्याच तडाख्यात प्रतिस्पर्ध्याला निकालात काढण्याची सोय नाही. गुण मोजण्याची पद्धत टेनिसचीच. चेंडू जमिनीवर एक टप्पा पडून मागच्या भिंतीवर आदळला तरी दुसरा टप्पा पडण्याआधी तो परतवता येतो. यामुळे या खेळात बळापेक्षा धीराला मोल आले. नवशिक्यालाही पहिल्याच दिवशी चार-पाच फटक्यांची देवाणघेवाण साधते, आणि निष्णात खेळाडूला आयुष्यभर शिकण्याजोगे कोन उरतात. खेळ लोकप्रिय होण्याचे सगळे रहस्य या दोन गोष्टींत आहे.

कोरकुएराचा मित्र अल्फोन्सो दे होएनलोहे हा राजकुलीन गृहस्थ १९७४ मध्ये अकापुल्कोला गेला आणि खेळावर लुब्ध होऊन परतला. स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर मारबेया येथे त्याचे प्रसिद्ध विश्रामगृह होते. तेथे त्याने दोन कोर्टे बांधविली. १९६६ सालचा विंबल्डन विजेता मानोलो सांताना याला या खेळाची गोडी लागली आणि त्याने त्या किनाऱ्यावर स्पर्धा भरविण्यास प्रारंभ केला. त्याच मारबेयात पाहुणा म्हणून आलेल्या हुलिओ मेंदितेगी याने १९७५ मध्ये हा खेळ अर्जेंटिनात नेला. येथवर सगळा मामला धनिकांच्या अंगणांतून धनिकांच्या अंगणांत चालला होता.

खेळ एका देशात जन्मावा, दुसऱ्या देशात त्याला शिस्त लागावी आणि तिसऱ्याने त्यात पराक्रम करावा, यात नवल नाही. बॅडमिंटनचे सुरुवातीचे नियम गेल्याच्या आधीच्या शतकात पुण्याच्या छावणीत इंग्रज अधिकाऱ्यांनी घडविले, नाव इंग्लंडमधील एका हवेलीवरून पडले, आणि विजेतेपदे पुढे डेन्मार्क, इंडोनेशिया, चीन यांनी वाटून घेतली. पाडेलच्या बाबतीत जन्म मेक्सिकोचा, बारसे स्पेनचे, आणि संगोपन अर्जेंटिनाचे, असे म्हणण्यास हरकत नाही.

कारण अर्जेंटिनात तो खेळ अंगणातून रस्त्यावर आला. १९८०-९० च्या सुमारास तेथे गावोगावी सिमेंटच्या भिंतींची कोर्टे उभी राहिली. काचेच्या पारदर्शक भिंती ही पुढची चैन होती. शहरातला कारकून, दुकानदार, शाळकरी पोर, सगळे तासाच्या भाड्याने कोर्ट घेऊन खेळू लागले. टेनिसच्या क्लबाचे सभासदत्व ज्यांना कधीच परवडले नसते, त्यांच्या हाती रॅकेट आली. १९९१ मध्ये अर्जेंटिना, स्पेन व उरुग्वे यांच्या संघटनांनी मिळून आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन केला, आणि १९९२ मध्ये स्पेनमध्ये पहिली जागतिक स्पर्धा झाली. ती अर्जेंटिनाने जिंकली. त्यानंतर २०२४ पर्यंत पुरुषांचे वा स्त्रियांचे सांघिक जगज्जेतेपद अर्जेंटिना व स्पेन या दोन देशांपलीकडे कोठेही गेले नाही. एखाद्या खेळाची सारी दौलत दोन घरांत राहावी आणि तरीही त्याला जागतिक म्हणावे, हे थोडे विनोदी वाटते खरे. पण भाऊबंदकीतली चुरस ही नेहमीच परक्याशी होणाऱ्या लढतीहून तिखट असते.

राजधानी ब्वेनोस आयरेसपासून साडेतीनशे किलोमीटरहून अधिक दूर, सपाट गवताळ प्रदेशात पेउआहो नावाचे गाव आहे. बेलास्तेगिनचा जन्म तेथे १९ मे १९७९ रोजी झाला. त्या सिमेंटच्या कोर्टांच्या सुगीतच तो वाढला आणि किशोरवयातच व्यवसायी स्पर्धांत उतरला. परंतु तो वयात येईतो सुगी ओसरू लागली होती. गरजेपेक्षा फार अधिक कोर्टे बांधली गेली होती. १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ती एकामागून एक बंद पडत गेली. मग २००१ च्या अखेरीस अर्जेंटिनाची अर्थव्यवस्थाच कोसळली. लोकांच्या बँकांतील ठेवी गोठविण्यात आल्या. अशा वेळी रॅकेटवर पोट भरू पाहणाऱ्या तरुणापुढे दोनच वाटा होत्या. एक खेळ सोडण्याची, दुसरी देश सोडण्याची.

त्या पिढीतील अनेक खेळाडूंनी दुसरी वाट धरली आणि ते स्पेनला गेले. स्पेनमध्ये चित्र उलटे होते. तेथे १९९३ मध्ये पाडेलला शासनाची खेळ म्हणून मान्यता मिळाली होती, १९९७ मध्ये राष्ट्रीय महासंघ उभा राहिला होता, आणि पंतप्रधान होसे मारिआ आस्नार स्वतः हा खेळ खेळत असल्याने त्याला प्रतिष्ठाही लाभली होती. घरबांधणीला तेजी होती, आणि नव्या वसाहतीत पोहण्याच्या तलावाशेजारी पाडेलचे कोर्ट असणे ही जणू ठरलेलीच गोष्ट झाली होती. कोर्टे होती, हौस होती, पैसा होता. कसलेले खेळाडू मात्र थोडे होते. ते अर्जेंटिनाने पुरविले. या घटनेकडे केवळ क्रीडेचा इतिहास म्हणून पाहून चालणार नाही. ते एक स्थलांतर होते, आणि सर्व स्थलांतरांप्रमाणे त्याच्या मुळाशी भाकरीची चिंता होती. भाकरीसाठी खेळणारा माणूस ज्या इर्षेने चेंडूवर धावतो, त्या इर्षेची तलावाकाठच्या हौशी खेळाडूला कल्पनाही येणे कठीण. पाडेलमध्ये स्पर्धा खऱ्या अर्थाने आली, ती येथे.

२००२ पासून बेलास्तेगिनने हुआन मार्तिन दिआस या आपल्याच देशबांधवाबरोबर जोडी जमविली. दिआस मार देल प्लाता या बंदराच्या शहरात जन्मलेला, वयाने चार वर्षांनी मोठा आणि डावखुरा. जोडीतील उजव्या बाजूचा खेळाडू डावखुरा व डाव्या बाजूचा उजवा असला म्हणजे दोघांचेही बळकट हात कोर्टाच्या मध्याकडे येतात, आणि मधली फट, जेथे दुहेरीतील बहुतेक डाव हरतात, तीच सर्वांत मजबूत होते. पण ही झाली रचना. तिच्यात प्राण होता तो स्वभावांच्या मिलाफाचा. दिआस कलंदर; कोणत्याही कोनातून अशक्य फटका काढावा तो त्यानेच. बेलास्तेगिन चिवट, शिस्तप्रिय आणि व्यायामाच्या वेळापत्रकाला बांधलेला. तेरा वर्षे ही जोडी अभंग राहिली. दीडशेहून अधिक स्पर्धा तिने जिंकल्या, आणि मध्यंतरी एक वर्ष नऊ महिने एवढ्या कालावधीत तिला कोणीही हरवू शकले नाही.

अशा आकड्यांनी दिपून जाणे सोपे असते. इतिहासाने मात्र विचारले पाहिजे की, ते आकडे विजेत्यांच्या थोरवीचे किती आणि मैदानातील विरळ गर्दीचे किती? दोन्हींचे, हेच उत्तर प्रामाणिक ठरेल. त्या काळी व्यवसायी म्हणून पूर्णवेळ जगू शकणाऱ्या जोड्या मोजक्याच होत्या. अनेक खेळाडू आठवडाभर शिकवण्या करीत आणि शनिवार-रविवारी सामने खेळत. बेलास्तेगिनच्या जोडीने आहार, व्यायाम, प्रशिक्षक, मानसिक तयारी या गोष्टी गांभीर्याने घेतल्या, तेव्हा इतरांना त्या परवडत नव्हत्या. २००५ मध्ये संघटित व्यवसायी मालिका सुरू झाली, आणि २०१३ मध्ये बार्सेलोनातील एका बिअर उद्योगसमूहाच्या पाठबळावर ‘वर्ल्ड पाडेल टूर’ ही मालिका आली. पारितोषिके वाढली, सामने दूरचित्रवाणीवर दिसू लागले, आणि ज्या साधनांवर पूर्वी एका जोडीची मक्तेदारी होती ती दहा जोड्यांच्या आवाक्यात आली. अजिंक्यपद राखणे कठीण होत गेले ते विजेते खालावले म्हणून नव्हे. पाठलाग करणाऱ्यांची संख्या वाढली म्हणून.

त्या पाठलाग करणाऱ्यांत सर्वांत पुढे हुआनी मिएरेस व पाब्लो लिमा ही जोडी असे. अव्वल जोडीला लोक राजे म्हणत, म्हणून या दोघांना राजपुत्र हे नाव पडले होते. वर्षानुवर्षे अंतिम सामन्यापर्यंत यावे आणि मुकुट समोरच्यांच्या डोक्यावर पाहावा, असे त्यांचे प्राक्तन होते. २०१४ संपताना बेलास्तेगिनने जे केले त्याने हा सारा दरबारच मोडला. पहिल्या क्रमांकावर असतानाच तो दिआसपासून वेगळा झाला आणि त्याने त्या राजपुत्रांपैकी एकाला, म्हणजे ब्राझीलच्या डावखुऱ्या लिमाला, आपला जोडीदार केले. हा निर्णय कठोर होता. तेरा वर्षांचे सख्य आणि जिंकण्याची सवय एका बाजूला. दुसऱ्या बाजूला सात वर्षांनी लहान असलेल्या प्रतिस्पर्ध्याचे ताजे पाय. भावनेच्या तराजूत तोलल्यास पहिले पारडेच जड होईल. व्यवसायी खेळाडू मात्र असे जाणतो की पुढच्या वर्षीचे सामने गेल्या वर्षीच्या स्मृतींवर खेळता येत नाहीत. २०१५, २०१६ व २०१७ ही तीनही वर्षे नवी जोडी पहिल्या क्रमांकावर राहिली.

वाढत्या स्पर्धेविषयी या खेळाडूचा विचार काय होता, हे त्याच्या भाषणांपेक्षा अशा निवडींतून अधिक कळते. प्रतिस्पर्धी बळकट होत असेल तर त्याला रोखण्याच्या खटपटीत शक्ती घालवू नये; तो बळकट का झाला हे शिकावे, आणि शक्य तर त्याच्याच बाजूला जाऊन उभे राहावे. सत्तेच्या राजकारणात या वृत्तीला संधिसाधूपणा म्हणतात. खेळात तिला तेच नाव द्यावे की नाही, याबद्दल मतभेद होऊ शकतील. पण एक ध्यानात घ्यावे लागते. दिआसनंतर त्याने निवडलेला प्रत्येक जोडीदार त्याच्याहून तरुण होता, आणि त्याच्याबरोबर खेळण्यासाठी शिकण्याचे कष्ट प्रत्येक वेळी या ज्येष्ठालाच घ्यावे लागले.

२०१८ मध्ये कोपराच्या दुखापतीने त्याला अनेक स्पर्धा सोडाव्या लागल्या. वर्षाअखेर पहिला क्रमांक सान्यो गुतिएरेस व माक्सी सांचेस या अर्जेंटिनी जोडीकडे गेला. सोळा वर्षांनी सिंहासन हलले. पुढच्याच वर्षी स्पेनच्या हुआन लेब्रोनने पाको नवारोसह अग्रस्थान मिळविले. ज्या देशात हा खेळ सर्वाधिक भरभराटला, त्या देशाचा पुरुष खेळाडू प्रथम क्रमांकावर येण्यास २०१९ साल उजाडावे लागले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. कोर्टे बांधणे आणि खेळाडू घडविणे या दोन गोष्टींत एका पिढीचे अंतर असते. तलावाकाठच्या वसाहतींत लहानाची मोठी झालेली मुले आता वयात आली होती, आणि अर्जेंटिनी पाहुण्यांना यजमानांच्या मुलांशी गाठ पडली होती.

बेलास्तेगिन तेव्हा चाळीस वर्षांचा होता. या वयात निवृत्तीचा समारंभ शोभून दिसतो. त्याने विशीतल्या आगुस्तिन तापियाला जोडीदार म्हणून घेतले. अर्जेंटिनाच्या वायव्येकडील कातामार्का प्रांतातून आलेला हा मुलगा देणगी घेऊनच जन्मला होता; त्याची जागा डावी, आणि तीच बेलास्तेगिनची आयुष्यभराची जागा. तेव्हा ज्येष्ठाने डावी बाजू सोडली आणि उजवीकडे जाऊन उभा राहिला. ज्याने कधी दुहेरी खेळली नसेल त्याला हा बदल क्षुल्लक वाटेल. प्रत्यक्षात भिंतीचा कोपरा बदलतो, चेंडू येण्याचे कोन बदलतात, शरीर वळविण्याची दिशा बदलते. पंचवीस वर्षे पायांत मुरलेले ज्ञान पुन्हा नव्याने मुरवावे लागते. शिवाय उजव्या बाजूचा खेळाडू हा बहुधा डाव रचून देणारा असतो, टाळ्या घेणारा फटका डावीकडून निघतो. सोळा वर्षांच्या विजेत्याने टाळ्यांची बाजू एका पोराला दिली.

खेळही त्याच वेळी बदलत होता. पूर्वीच्या पाडेलमध्ये उंच झेल देऊन प्रतिस्पर्ध्याला मागे ढकलणे आणि जाळ्याजवळची जागा काबीज करणे ही मुख्य नीती असे. तो उंच चेंडू परतविण्यासाठी स्पॅनिश भाषेत बांदेखा, म्हणजे तबक, या नावाचा एक संयमी फटका आहे. हातातले तबक न सांडता पुढे करावे तसा तो मारतात, आणि त्याचा हेतू गुण मिळविण्याहून आपली जागा राखण्याचाच अधिक असतो. नव्या पिढीने तबक बाजूला ठेवले. चेंडू जमिनीवर असा आदळायचा की, तो उसळून बाजूच्या तीन मीटर जाळीवरून किंवा मागच्या चार मीटर भिंतीवरून थेट कोर्टाबाहेर जावा, हे या तरुणांचे अस्त्र झाले. मग बचाव करणाऱ्याने बाजूच्या दारातून बाहेर धावत जावे आणि बाहेरून चेंडू परत आत टाकावा. नियमांत याला पूर्ण मुभा आहे, आणि प्रेक्षकांना याहून मोठा आनंद दुसरा नाही. परंतु भिंत ज्या खेळाचा आत्मा, त्यात भिंतीला वळसा घालूनच गुण मिळू लागले, ही गोष्ट जुन्या रसिकांना खुपली. २०२० मध्ये व्यवसायी मालिकेत आणखी एक नियम आला. चाळीस-चाळीस अशी बरोबरी झाल्यावर दोन गुणांच्या आघाडीची वाट न पाहता एकाच निर्णायक गुणावर डाव संपवावयाचा. त्याला सुवर्णगुण म्हणतात. वेळ वाचला, थरार वाढला, आणि दुबळ्या जोडीलाही बलाढ्य जोडीचा डाव हिसकावण्याची संधी वाढली. अनुभवी खेळाडूची मोठी शिदोरी म्हणजे लांबलेल्या डावात न ढळण्याची ताकद. ती शिदोरी या नियमाने थोडी हलकी केली.

चुरस वाढली तसा पैसाही वाढला, आणि पैशामागून तंटे आले. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने कतारमधील एका क्रीडा-गुंतवणूक संस्थेच्या साह्याने ‘प्रीमियर पाडेल’ ही प्रतिस्पर्धी मालिका सुरू केली. पहिली स्पर्धा दोहा येथे झाली. त्याच वर्षी रोम व पॅरिस येथील टेनिसच्या नामांकित क्रीडांगणांवर पाडेलची काचेची कोर्टे उभी राहिली. खेळाडू मात्र जुन्या मालिकेशी करारांनी बांधलेले होते, तेव्हा प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. एकाच खेळाडूने एका आठवड्यात इकडे व दुसऱ्या आठवड्यात तिकडे खेळावे, असा विचित्र काळ जवळजवळ दोन वर्षे चालला. शेवटी २०२३ मध्ये कतारी संस्थेने जुनी मालिकाच विकत घेण्याचा करार केला आणि २०२४ पासून एकच मालिका उरली. याने वाद मिटले असे नव्हे. २०२५ च्या प्रारंभी उत्तर स्पेनमधील हिहोन येथील स्पर्धेवर आघाडीच्या अनेक पुरुष खेळाडूंनी बहिष्कार टाकला. पूर्वी शिकवणी करून पोट भरणारा खेळाडू आता संघटना करून स्वतःच्या श्रमाचा भाव ठरवू पाहत होता. ही त्याच वाढीची दुसरी बाजू होय.

स्त्रियांच्या पाडेलची कहाणी या सर्व धामधुमीत नेहमी मागे पडते, आणि ते अन्यायाचे आहे. मालागाची कारोलिना नवारो व अर्जेंटिनाची सेसिलिया रायतर यांनी दीर्घकाळ एकत्र राहून अग्रस्थान गाजविले. त्यांच्यानंतर सारागोसाच्या सांचेस आलायेतो या जुळ्या बहिणी पहिल्या क्रमांकावर आल्या. जुळेपणाने जे न सांगता कळते ते इतरांना वर्षांच्या सरावाने शिकावे लागते, असे त्यांचा खेळ पाहून वाटे. नव्या मालिकेने आरंभी केवळ पुरुषांच्याच स्पर्धा घेतल्या. स्त्रियांना तीत २०२३ मध्ये प्रवेश मिळाला. पुरुषांच्या अग्रस्थानावर स्पेनला एवढी वाट पाहावी लागली, स्त्रियांत मात्र स्पॅनिश खेळाडू किती तरी आधीपासून अव्वल होत्या, हे विसरता कामा नये.

अर्जेंटिनातील जुन्या सुगीचा धडा जगाने घेतला असे दिसत नाही. महासाथीच्या वर्षांत स्वीडनमध्ये पाडेलची लाट आली. गोदामांतून, जुन्या कारखान्यांतून कोर्टे उभी राहिली. आणि २०२२-२३ मध्ये कोर्टे चालविणाऱ्या अनेक कंपन्यांचे दिवाळे निघाले. गरजेहून अधिक कोर्टे, हेच कारण, तीस वर्षांपूर्वीचे. आपल्याकडेही मुंबई, पुणे, बंगळूर येथे अलीकडे अशी कोर्टे दिसू लागली आहेत आणि त्यांचे तासाचे भाडे ज्यांना परवडते तेच बहुधा तेथे जातात. पेउआहोसारख्या गावातल्या मुलाला जी सिमेंटची भिंत लाभली होती ती येथे अजून उभी राहावयाची आहे.

२०२२ मध्ये बेलास्तेगिनने आर्तुरो कोएयो या स्पॅनिश तरुणाबरोबर वर्षभर खेळ केला. कोएयो विशीच्या उंबरठ्यावर होता, उंचपुरा आणि डावखुरा. म्हणजे दिआस व लिमा यांच्या परंपरेतला. बेलास्तेगिन बेचाळीस-त्रेचाळीसचा. या वेळी तो पुन्हा आपल्या डाव्या बाजूला परतला होता. वर्ष संपले आणि कोएयोने निरोप घेतला. १९७९ मध्ये जन्मलेला ज्येष्ठ आणि २००२ मध्ये जन्मलेला कनिष्ठ फार काळ एकत्र राहणार नाहीत, हे दोघांनाही ठाऊक असावे. कोएयोने जोडीदार म्हणून निवडला तो तापिया. एका ज्येष्ठाच्या हाताखालून निरनिराळ्या वर्षी गेलेले दोन विद्यार्थी एकत्र आले, आणि २०२३ मध्ये त्यांनी पहिला क्रमांक घेतला. २०२४ मध्येही तो त्यांच्याकडेच राहिला. आलेहांद्रो गालान व फेदेरिको चिंगोत्तो यांनी त्यांचा पाठलाग चालविला. गालान उंच आणि आक्रमक, चिंगोत्तो ठेंगणा आणि भिंतीवरून काहीही परतविणारा. जुन्या पाडेलचा वारसा आज कोणात पाहावा तर या चिंगोत्तोत, असे जाणकार म्हणतात.

बेलास्तेगिनने २०२४ च्या अखेरीस रॅकेट खाली ठेवली. शेवटच्या वर्षांत तो पहिल्या पंक्तीत नव्हता. पहिल्या फेऱ्यांतही त्याला हार पत्करावी लागे, आणि समोर कित्येकदा असे खेळाडू असत की ज्यांचा जन्म त्याने पहिला क्रमांक मिळविला त्यानंतर झाला होता. तरीही मागच्या भिंतीवर आदळून आलेला चेंडू तो पाठमोरा न होता, अंगाशी येऊ देऊन, शेवटच्या क्षणी उचलीत असे. घाई न करण्याची ती सवय सिमेंटच्या कोर्टावर लागलेली होती. त्याच्या निवृत्तीच्या दिवशी क्रमवारीच्या शिखरावर डावीकडे तापिया होता आणि उजवीकडे कोएयो.